कुत्र्याला घेऊन लेक डिस्ट्रिक्टच्या फार्मवर

कुत्र्यासकट राहायला या, असं सांगणारी सुट्टीची घरं इंग्लंडमध्ये पैशाला पासरी आहेत. पैसे भरून पोचल्यावर कळतं, की कुत्र्याने कपडे धुण्याच्या खोलीत झोपायचं, गालिच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि त्याला घरात एकटं सोडायचंही नाही. मग आणायचं तरी कशाला? असा अनुभव एकदा घेतल्यावर या खेपेला आम्ही सुशोभित कॉटेजच्या नादी लागलो नाही. मेंढ्यांचा चालू फार्म निवडला. जिथे चिखल, लोकर आणि शेण रोजचंच, तिथे बंडूच्या पायांच्या ठशांनी कुणाचं काय बिघडणार! ते खरंच निघालं. नियम मात्र इथेही होते, उलट जास्त कडक. फक्त ते गालिच्यासाठी नव्हते, मेंढ्यांसाठी होते, त्यामुळे पटले.

बंडू आमचा बीगल. नाकावर जगणारी जात. एकदा वास लागला की हाक मारणारा माणूस त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

जागा लेक डिस्ट्रिक्टमधली, म्हणजे वायव्य इंग्लंडच्या डोंगर-तळ्यांच्या प्रदेशातली, कॉनिस्टन गावाजवळची. मँचेस्टरकडून एम 6 महामार्गाने जंक्शन 36 पर्यंत सरळ, पुढे ए 591 ने अँबलसाइड आणि तिथून ए 593. हा शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणावळणाचा आहे. दोन्ही बाजूंना दगडी गडगे. हो, कोकणात असतात तसेच, चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे आपल्यालाच जावं लागतं, तेव्हा अंधार पडायच्या आत पोचा.

याच रस्त्यावर यू ट्री फार्म लागतो. सतराव्या शतकातलं पांढरं घर आणि त्याच्या कोठाराला लाकडी सज्जा. पूर्वी या सज्ज्यात बसून बायका लोकर कातत. पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनी 1930 मध्ये मंक कॉनिस्टन ही मोठी इस्टेट घेतली, त्यात हा फार्मही आला. अर्धी जमीन त्यांनी घेतल्या किमतीला नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेला दिली. 1943 मध्ये त्या गेल्या तेव्हा 4,000 एकरांहून जास्त जमीन आणि डझनाहून अधिक फार्म ट्रस्टकडे आले. इथल्या शेतकऱ्यांसाठी त्या लेखिका कमी आणि मेंढ्यांची पारख असलेल्या मिसेस हीलिस (हे त्यांचं सासरचं नाव) जास्त होत्या. डोंगरावर हर्डविक या इथल्याच जातीच्या मेंढ्या राहाव्यात ही त्यांची इच्छा होती. आजही अशा पुष्कळ फार्मांवर ट्रस्टची कुळं राबतात, आणि कित्येक ठिकाणी कळप जमिनीसोबत जातो. कूळ बदललं तरी मेंढ्या तिथेच राहतात.

आम्ही राहिलो तो फार्म त्याच भागातला. घराच्या भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, खाली स्लेटची फरशी. कुत्र्यांच्या बाबतीत स्लेट ही फार सोयीची गोष्ट, एकदा फडकं मारलं की झालं. दाराशी बूट काढायची खोली, तिथे नळ, जुन्या टॉवेलांचा गठ्ठा आणि पाण्याची भांडी. मालकीणबाईंनी चहा देण्याआधी आम्हाला अंगणात नेलं आणि हात करून दाखवलं: या फाटकापलीकडे पट्टा सुटता कामा नये. गोठ्यामागच्या शेडमध्ये उंदरांचं विष ठेवलंय, तिकडे फिरकायचं नाही. आमचे दोन कोली मेंढ्या वळणारे, कामाचे कुत्रे आहेत, त्यांना हाक मारू नका, खाऊ देऊ नका. बंडू शेपूट हलवत कोलींकडे गेला, तर त्यांनी भावच दिला नाही. सरकारी कचेरीत टेबलामागचा माणूस बघतो तसं बघितलं आणि निघून गेले.

आता पट्ट्याचं. इंग्लंडमध्ये खुल्या माळांवर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या पक्क्या दोरीवर ठेवणं बंधनकारक आहे. गुरंमेंढ्या जवळ असतील तर वर्षभर. गुंडाळली जाणारी लांब दोरी चालत नाही. 1953 च्या कायद्यानुसार मेंढ्या असलेल्या कुरणात कुत्रा मोकाट असला तरी तो गुन्हा धरला जातो, त्याने चावलंच पाहिजे असं नाही. कळपावर धावणाऱ्या कुत्र्याला थांबवायचा दुसरा मार्ग नसेल तर शेतकरी त्याला गोळीही घालू शकतो. माझा कुत्रा तसा नाही हो, असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

यामागचं कारण मालकीणबाईंनी सांगितलं ते मला फार आवडलं. वरच्या डोंगरावर कुंपण नसतं. हर्डविक मेंढीला आपला डोंगराचा तुकडा ठाऊक असतो. ती तो आपल्या कोकराला शिकवते, ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला. पिढ्यानपिढ्या ही अदृश्य हद्द चालत आलेली. कुत्र्याने कळप पांगवला तर नुसती धावपळ होत नाही, गाभण मेंढी गाभडू शकते आणि कोकरू आईपासून तुटतं. कोकरं जन्मतात काळीकुळकुळीत आणि वयाबरोबर करडी होत जातात. गडग्यात तळाशी एक चौकोनी भोक असतं, त्याला हॉग होल म्हणतात, मेंढ्यांना एका कुरणातून दुसऱ्यात जायला. बीगलच्या मापाचं अगदी! बंडूने पहिल्याच दिवशी त्यात मान घातली, खांदे घातले आणि तेवढ्यात दोरी संपली. पलीकडे एक मेंढी पाय आपटत उभी होती. तेव्हा जाहिरातीत ‘बंदिस्त अंगण’ लिहिलेलं असलं तरी गडगा किती उंच, फाटकाखाली फट किती आणि भोकं बुजवलीत का, हे फोनवर विचारा. बुजवायला बहुतेक ठिकाणी एक सपाट दगड लावून ठेवतात.

मेंढ्यांपेक्षा मला गाईंची जास्त धास्ती. वासरू सोबत असलेली गाय कुत्र्याला पाहून अंगावर येते. वाट गाईंमधून जात असेल तर लांबून वळसा घाला. त्या मागे लागल्याच तर कुत्र्याची दोरी सोडून द्या. जिवावर येतं, पण अधिकृत सल्ला तोच आहे: कुत्रा पळून सुटतो, माणूस सुटत नाही.

फिरायला टार्न हाउजची वाट सोपी, तळ्याभोवती तासाभराची, बाबागाडीही जाते. हे तळं निसर्गाचं वाटतं, पण एकोणिसाव्या शतकात बांध घालून केलेलं आहे. गर्दी नको असेल तर सकाळी लवकर जा. हॉक्सहेडला कवी वर्ड्सवर्थ शिकला ती शाळा आहे आणि गावाच्या मधोमध गाड्या येत नाहीत, त्यामुळे कुत्र्यासोबत निवांत हिंडता येतं. पॉटरबाईंच्या हिल टॉप घरात कुत्र्याला प्रवेश नाही, आळीपाळीने आत जावं लागतं. पबमध्ये बारच्या बाजूला कुत्रे चालतात, जेवणाच्या दालनात बहुधा नाही. टेबल राखताना कुत्रा आहे हे आधीच सांगा. मोबाइलची रेंज दऱ्यांत गायब होते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे ओएल 6 आणि ओएल 7 हे छापील नकाशे घेऊन ठेवा.

गोचिडांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नेच्याच्या झुडपांतून फिरून आलं की रोज कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत चाचपायचं, आणि आपल्याही पायांवर. काढायचा प्लास्टिकचा आकडा औषधांच्या दुकानात मिळतो. उन्हाळ्यात तळ्यांत विषारी निळं-हिरवं शेवाळ येतं, ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. काठावरची पाटी वाचल्याशिवाय पाण्यात सोडू नका. निघण्याआधी जंताचं औषध द्या. कुत्र्याच्या विष्ठेतून गाईंना गर्भपात होणारा आजार पसरतो, म्हणून ‘शेतच तर आहे’ म्हणून तशीच टाकायची नाही. पिशवी भरून परत. आणि घरात कुणी गरोदर असेल तर मेंढ्या विण्याच्या दिवसांत, म्हणजे इथे एप्रिल-मे, अशा फार्मवर जाऊच नका. विणाऱ्या मेंढ्यांपासून गरोदर बाईला संसर्गाचा धोका असतो.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना: चिवड्याचा डबा उंचावर ठेवा. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, आणि तळलेला कांदाही विषारीच. आम्ही भाजणी नेली होती. पण थालीपिठातही कांदा, त्यामुळे बंडूच्या वाट्याला नुसता वास.

फार्मवरची घरं शाळेच्या सुट्ट्यांत बहुधा आठवड्याच्या हिशेबानेच देतात, शुक्रवार किंवा शनिवारपासून. कुत्र्याचे पैसे वेगळे पडतात आणि किती कुत्रे चालतील यालाही मर्यादा असते. कुत्रा सोफ्यावर बसला तर चालेल का, आणि तो थोडा वेळ एकटा राहिलेला चालेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरावरून घर ओळखता येतं. आमच्या मते सप्टेंबर सगळ्यात बरा: कोकरं मोठी झालेली, गर्दी ओसरलेली, वर दोन मीटरचा नियमही संपलेला. अर्थात मेंढ्यांजवळ दोरी लावायचीच. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप आणि गळ्यात मालकाच्या नाव-पत्त्याचा बिल्ला हवा, दोन्ही कायद्याने सक्तीचे.

गाडी नसेल तरी अडत नाही. रेल्वेत माणशी दोन कुत्रे फुकट नेता येतात. ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअर, तिथून 505 नंबरची बस अँबलसाइड-हॉक्सहेडवरून कॉनिस्टनला. बसमध्ये कुत्र्याला घ्यायचं की नाही ही ड्रायव्हरची मर्जी, म्हणून चढण्याआधी बंडूचे पाय पुसलेले बरे.