जंगलजेट्टी, एसटी आणि माझं उजवं मनगट

प्लास्टर निघून तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते एवढ्यात लांब गाडी चालवू नका, म्हणून मी जास्त नाही, फक्त दापोली ते रत्नागिरी एवढंच ठरवलं. घरी अर्थातच "मित्राच्या कारने जातोय" असं सांगितलं.

आधी मनगटाचं सांगतो. ऑगस्टमध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर माझी पहिली बाईक रेस होती, एकदम नवशिक्यांची. आपल्या महाराष्ट्रात असा कायमचा रेस ट्रॅक नाही, त्यामुळे पुण्यातून एवढं लांब जायचं, गाडी भाड्याची, सूट उसना, आणि ३.७ किलोमीटरचा तो ट्रॅक आदल्या दिवशी शिकून घ्यायचा. दुसऱ्याच लॅपला एका उजव्या वळणात माझ्या पुढचा जरा डगमगला आणि मी घाबरून, गाडी पूर्ण कललेली असताना, पुढचा ब्रेक घट्ट दाबला. संपलं. पुढचं चाक आत गेलं, गाडी घसरली, आणि मी शहाण्याने पडताना हात टेकवला. कपडे फाटले नाहीत, डोकं शाबूत, पण अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं एक चिमुकलं हाड असतं ते मोडलं. त्याला रक्तपुरवठाच कमी असतो म्हणून ते जुळायला फार वेळ घेतं. माझे बारा आठवडे गेले.

कोचने पिटमध्येच, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या उभ्या असतात तिथे, सांगितलं होतं की ब्रेकमुळे पडलास. मी म्हटलं नाही, टायर थंड होता, थंड टायरला पकड कमी असते. तो म्हणाला मग तुझ्या पुढचे अकरा का नाही पडले? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं पण पटलं पण नव्हतं, आणि पुढचे तीन महिने ऑफिसमध्ये जो विचारेल त्याला मी थंड टायरचीच स्टोरी ऐकवली.

तर डिसेंबरचा पहिला आठवडा, माझी जुनी पल्सर आणि दापोलीहून दाभोळ. दाभोळला वाशिष्ठीची खाडी ओलांडायला जंगलजेट्टी आहे, गाडी चढवायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं, रस्त्याने चिपळूणवरून फिरून जायचा वळसा वाचतो. बोटीवर चढायचा लोखंडी रॅम्प खाऱ्या पाण्याने ओला होता. माझ्या पुढे एक काका अ‍ॅक्टिव्हावर, मागे काकू, पायात आंब्याची... सॉरी, डिसेंबरात आंबे कुठले, नारळाची पिशवी, आणि ते एका हाताने मोबाईल खिशात टाकत आरामात वर गेले. मी मात्र रेसर असल्यामुळे दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखा चढलो.

रात्री हेदवीला एका घरगुती मुक्कामात राहिलो. काकूंनी सुरमई वाढता वाढता हाताचं विचारलं. रेसमध्ये पडलो म्हटल्यावर ओटीवरून काकांनी विचारलं, "एंट्री किती असते त्याची?" मी आकडा सांगितला. काकू थांबल्या. "म्हणजे पैसे भरून पडायला गेलास होय रे? इथे पाणंदीत फुकट पडला असतास की!" सोलकढी नाकात गेली माझ्या.

दुसऱ्या दिवशी तवसाळहून दुसरी जंगलजेट्टी, शास्त्री नदीच्या मुखावर, समोर जयगडचा किल्ला. मग मालगुंड, गणपतीपुळे, आणि पुढे आरे-वारेचा रस्ता. या रस्त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, वरून दिसणारा तो निळा समुद्र वगैरे, मी फार पाहिलाच नाही कारण नजर रस्त्यावर होती, एवढं बरं केलं. कारण एका झाडीतल्या उजव्या वळणात समोरून एसटी आली, मधोमध. आणि माझी उजवी बोटं परत तेच करायला निघाली! चेन्नईत जसं झालं अगदी तसंच, मेंदूला न विचारता. स्पीड चाळीससुद्धा नसेल. ब्रेक लागला, कललेली गाडी एकदम सरळ उभी राहिली, वळायचं सोडून डावीकडच्या जांभ्याच्या लाल खडीत शिरली आणि गटाराच्या वीतभर अलीकडे थांबली. एसटी आरामात निघून गेली, ड्रायव्हरने हातसुद्धा दाखवला.

तिथेच दगडावर बसलो. हात थरथरत होता. टायर चांगलाच गरम होता, सकाळपासून चालवतच होतो. म्हणजे कोच बरोबर होता. टायरची पकड म्हणजे एकच भाकरी, वळायलाच जवळजवळ सगळी संपलेली असली तर ब्रेकला कुठून वाढणार? ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, आणि वळणात मारावाच लागला तर बोटाने हळूहळू, मूठ आवळून नाही. हे मला तोंडपाठ होतं हो, परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी. आणि दुसरं म्हणजे दोन्ही वेळेला मी बघत कुठे होतो? चेन्नईत पुढच्याच्या मागच्या चाकाकडे, इथे एसटीच्या बंपरकडे. डावीकडे जायला भरपूर जागा होती, तिकडे मी पाहिलंच नाही.

मग मी काय केलं तर यू-टर्न मारून तेच वळण परत घेतलं. तीसच्या स्पीडने. वळणाआधी ब्रेक, सोडला, नजर वळण संपतं तिथे. परत मागे, परत एकदा. चौथ्या-पाचव्या वेळेला बोटं जरा गप्प बसायला लागली. आठव्या फेरीला वळणापुढचा शहाळेवाला, जो इतका वेळ कोयता हातात धरून माझ्याकडे बघत होता, त्याला राहवेना, त्याने हात करून थांबवलं.

"दादा, काय पडलंय का तुमचं इथं?"

"हो," म्हटलं, "पण चेन्नईला. एक शहाळं द्या, मलईवालं."