कॉपीही होईना, डिलीटही करता येईना

फोंडा तालुक्यातील देवस्थानांच्या जुन्या मराठी व पोर्तुगीज कागदपत्रांचे स्कॅन जॅकरॅबिट या सॉफ्टवेअरवरील रिपॉझिटरीत, म्हणजे डिजिटल भांडारात, ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. स्कॅनिंग, नावे देणे, वर्णने भरणे हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते अस्पष्ट पानांचे पुन्हा केलेले स्कॅन जुन्यांच्या जागी बसवताना.

जॅकरॅबिट ज्याला धरून चालते ते, अशा भांडारांसाठीचे जेसीआर हे मानक २००५ साली आले आणि २००९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. परंतु वर्कस्पेसच्या (भांडारातील कामाच्या विभागाच्या) कॉपी या आज्ञेला ‘असलेल्यावर लिही’ असे सांगण्याची सोय त्यात नाही. कॉपी जेथे ठेवायची त्या पाथवर (पत्त्यावर) त्याच नावाचा नोड (फाइल किंवा फोल्डरसारखा घटक) आधीच असेल आणि वरच्या नोडला एका नावाचे दोन नोड चालत नसतील, तर ‘आयटम एक्झिस्ट्स’ हे एक्सेप्शन (त्रुटीचा इशारा) देऊन कॉपी थांबते. साध्या फोल्डरचे असेच होते. ‘अनस्ट्रक्चर्ड’ म्हणजे आत काय ठेवावे याचे बंधन नसलेल्या प्रकारच्या नोडखाली मात्र जॅकरॅबिट काहीच तक्रार करत नाही. नावापुढे चौकटी कंसात २ लागलेला दुसरा नोड तयार होतो आणि वाचकाला जुनेच पान दिसत राहते. जॅकरॅबिटच्या पुढच्या पिढीत, म्हणजे ओकमध्ये, असे जुळे नोड निर्माण करता येत नाहीत, हे मला अधिक पटते.

देखभाल करणाऱ्या कंपनीने बराच काळ ताटकळत ठेवून एका ओळीत उत्तर पाठवले : जुना नोड डिलीट करून कॉपी करा. उत्तर लिहिणाऱ्याने आमची रचना उघडूनही पाहिली नसावी. आमच्या सूचीतील प्रत्येक नोंद रेफरन्स प्रॉपर्टीने (दुसऱ्या नोडकडे बोट दाखवणाऱ्या गुणधर्माने) स्कॅनच्या नोडला जोडलेली आहे, आणि असा रेफरन्स शिल्लक असताना नोड काढून सेव्ह करू गेल्यास रेफरेन्शियल इंटिग्रिटीचे एक्सेप्शन येते. सगळे रेफरन्स तोडून तो काढलाच, तरी कॉपीला नवा ओळखक्रमांक मिळतो, जुन्या आवृत्त्यांचा इतिहास तिच्याकडे येत नाही आणि सूची पुन्हा जोडत बसावी लागते. शिवाय वर्कस्पेसची कॉपी सेव्हची वाट न पाहता लगेच पक्की होते, त्यामुळे मध्येच माघार घेता येत नाही. एवढे सारे सविस्तर कळवल्यावरही तेच उत्तर पुन्हा आले, तेव्हा पत्रव्यवहार बंद केला.

अखेर नोड जागचा हलवायचाच नाही, असे ठरवले. फाइलचा नोड व्हर्जनेबल (जुन्या आवृत्त्या जपणारा) असल्याने तो चेकआउट करायचा, म्हणजे बदलासाठी खुला करायचा, त्याच्या आतील ‘जेसीआर:कंटेंट’मधील ‘जेसीआर:डेटा’ ही प्रॉपर्टी नव्या स्कॅनने बदलायची, सेव्ह करायचे आणि चेकइन करायचे, म्हणजे नवी आवृत्ती नोंदवून तो पुन्हा बंद करायचा. ओळखक्रमांक तोच राहतो, सूचीला धक्का लागत नाही आणि आधी चेकइन केलेले पान आवृत्तीत सुरक्षित असते. हा मार्ग आम्ही कंपनीच्या मदतीशिवाय काढला, याचा मला अभिमान आहे.

काहीही डिलीट करण्यापूर्वी ‘गेट रेफरन्सेस’ने त्या नोडवर कोण अवलंबून आहे, हे पाहून घ्यावे. वेबडॅव्हने (वेबवरून फाइली हाताळण्याच्या पद्धतीने) काम करणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण तेथे नियम उलटा आहे : विनंतीसोबत ओव्हरराइट हेडर (असलेल्यावर लिहायचे की नाही, ही सूचना) दिले नाही, तर ते ‘टी’ म्हणजे होकारार्थी धरले जाते, आणि फोल्डरवर फोल्डर कॉपी केल्यास दोन्हींतील फाइली एकत्र होत नाहीत, फक्त नव्यातील उरतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये ते हेडर ‘एफ’ म्हणजे नकारार्थी ठेवले आहे. ४१२ (त्या जागी फाइल आधीच असल्याने नकार) हे उत्तर आले की ती फाइल वरील पद्धतीने बदलायच्या यादीत जाते.