शेम म्हणजे दरवेळी लाजच असं नाही

इंग्रजीतला 'शेम' जपून वापरा असं मी सगळ्यांना सांगत असते, कारण आजूबाजूचे दोन शब्द बदलले की त्याचा अर्थ कुठच्या कुठे जातो. पावसामुळे कुणाची मॅच रद्द झाली आणि समोरचा 'व्हॉट अ शेम' म्हणाला तर त्यात लाज कुणाचीच नाही, दोषही कुणाचा नाही, ते आपलं 'अरेरे, वाईट झालं' आहे बस. पण 'शेम ऑन यू' म्हणजे थेट तोंडावर 'लाज वाटायला पाहिजे तुला'. २००३ च्या ऑस्करला माहितीपट बनवणाऱ्या मायकल मूरने इराक युद्धावरून अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना स्टेजवरून 'शेम ऑन यू, मिस्टर बुश' सुनावलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्याही पडल्या आणि हुर्योही झाली, एवढं ते झोंबणारं आहे. आपल्याकडे उघड्या पोरालाही 'शेम शेम' म्हणतात आणि विधानसभेत विरोधकही तेच ओरडतात, म्हणून आपल्याला ते हलकं वाटतं, पण परदेशी सहकाऱ्याला गंमतीत 'शेम ऑन यू' लिहिलं तर तो दुखावू शकतो.

आता मला जास्त खटकतं ते वेगळंच. आपली पोरं म्हणतात 'आय ॲम अशेम्ड टू स्पीक इंग्लिश'. मराठीत बुजणं, ओशाळणं, केल्या कृत्याची शरम वाटणं, सगळ्याला 'लाज वाटते' चालतं म्हणून ते तसंच उचललं जातं. पण अशेम्ड सहसा तिथे येतं जिथे आपण वागण्यात चुकलो, कुणाला फसवलं, आईला उलट बोललो. चारचौघात पाय घसरला किंवा कुणाचं नाव आठवलं नाही तर एम्बॅरस्ड. आणि बोलायला तोंड उघडत नाही तर शाय किंवा नर्व्हस. भाषा अजून नीट येत नाही यात तुम्ही कुणाचं काय वाईट केलंय? मग इंटरव्ह्यूमध्ये अशेम्ड कशाला म्हणायचं, 'आय ॲम अ बिट नर्व्हस' म्हणा आणि बोलायला लागा.

बाकी 'युअर गार्डन पुट्स माइन टू शेम' हे चक्क कौतुक आहे, तुमच्या बागेपुढे माझी काहीच नाही असं. आणि दक्षिण आफ्रिकेत कुणी तुमचं बाळ बघून 'शेम' म्हणालं तर रागावू नका, तिथे ते 'किती गोड' असतं, आणि कुणाला लागलं, कुणी आजारी पडलं तरी मायेने तेच म्हणतात.