नवरा वारल्यावर चर्चमध्ये दुसरं लग्न: कागद कुठे अडतो

विधवेला चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं असेल तर काय लागतं, असं वसईतल्या ओळखीच्या बायका मला विचारतात, कारण मी स्वतः यातून गेलेय. फादरांची भेट, तयारी शिबिर, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लग्न ठरलेल्यांची नावं पुकारणं, यात कोणी अडकत नाही. अडतं ते पहिला नवरा वारलाय हे कागदावर सिद्ध करताना.

कॅथलिक शिकवणीत लग्नाची गाठ फक्त मरणाने सुटते. कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, ११४१ बघा. दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं रीतसर आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. म्हणून विधवेकडे मृत्यूचा पुरावा मागतात, आणि तो मागायलाच हवा. माझा राग आहे तो काहीही न समजावता कागद परत करण्याच्या पद्धतीवर.

बाप्तिस्म्याचा दाखला ताजा लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला, कारण त्या नोंदीच्या समासात लग्न लिहिलेलं असतं. माझ्या दाखल्यावर पहिलं लग्न आलं. नवऱ्याचं मरण मात्र बायकोच्या नोंदीच्या समासात कोणी लिहीत नाही, ते वेगळं दाखवावं लागतं. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर आधार कार्डावरचं नाव होतं, 'पास्कल'. लग्नाच्या वहीत बाप्तिस्म्याचं नाव, 'पास्कोल', आणि आडनावाचं स्पेलिंगही निराळं. "नाव जुळत नाही," एवढं बोलून फाइल बाजूला ठेवली गेली. काय आणलं की जुळेल, ते विचारूनही कळेना. ज्या चर्चच्या सिमेंटरीत त्याला ठेवला, त्याच चर्चच्या ऑफिसात तो गेलाय हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं.

पुरावा त्याच ऑफिसच्या कपाटात होता. दफन झालं की मृतांच्या वहीत नोंद करावी लागते, असं कॅनन ११८२ सांगतं. कॅनन १७०७ वरून हेही स्पष्ट होतं की मृत्यू सिद्ध करायला चर्चचा अधिकृत कागद चालतो, तसा सरकारीही चालतो. दफनाच्या नोंदीत त्याचं नाव लग्नाच्या वहीतल्यासारखंच होतं, शेजारी माझंही. तेव्हा तोंडी विचारत बसू नका. दफनाची तारीख घालून लेखी अर्ज द्या, सही-शिक्क्याचा उतारा घ्या, आणि तो पहिल्या लग्नाच्या दाखल्याला जोडून द्या.

सरकारी दाखलाही सुधारून घ्या, बँकेत तोच चालतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख घालतो. नावासारख्या चुकीला माहितगार अशा दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं. पहिल्या लग्नाचे साक्षीदार हयात असतील तर त्यांनाच न्या.

ज्यांचा माणूस समुद्रात गेला आणि सापडलाच नाही, त्यांना बिशपांकडून मृत्यू गृहीत धरल्याचं जाहीर करून घ्यावं लागतं. नागरी कायद्यात सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मेला असं धरतात, ते इथे उपयोगाचं नाही; माणूस कितीही वर्षं बेपत्ता असला तरी तेवढं पुरत नाही. बोटीवरच्या खलाशांचे जबाब आणि पोलिसातल्या खबरेची प्रत लगेच मिळवून ठेवा. खलाशी पुढे पांगतात.

घरची माणसं निराळंच विचारतात: "वर गेल्यावर तू कोणाची?" सदूकी नावाच्या, पुनरुत्थान न मानणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, एकामागून एक सात भावांशी लग्न झालेल्या बाईची गोष्ट सांगून येशूला हेच विचारलं होतं, बायबलात मत्तय २२ मध्ये. पुनरुत्थानानंतर लोक लग्न करत नाहीत आणि लग्न करून देतही नाहीत, असं त्याने उत्तर दिलं. नवरा मेला की बायको त्या बंधनातून मोकळी होते, हे प्रेषित पौलाने बायबलातल्या रोमकरांस पत्रात लिहिलंय. त्याने प्रेम पुसलं जात नाही. शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यासाठीची प्रार्थना लग्नाच्या गाठीवर अवलंबून नसते. पहिल्या नवऱ्यासाठी मिस्सा ठेवणं, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावणं मी सोडलेलं नाही, आणि कोणी सोडायला सांगितलं तर ऐकू नका. "दुसरं आहे, गुपचूप उरका," असंही म्हणतील. चर्चच्या कायद्याच्या जुन्या, १९१७ च्या धर्मसंहितेत एकदा विवाहाचा आशीर्वाद मिळालेल्या बाईला तो पुन्हा देत नसत. आता तसं बंधन नाही, पूर्ण मिस्सेसह लग्न मागा.

तारीख ठरवण्याआधी पेन्शन बघा. ईपीएस १९९५, म्हणजे पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन पुनर्विवाह झाला की बंद होते. मुलांना मग अनाथ मुलांच्या दराने पेन्शन मिळते, पण ती मागावी लागते.

लग्न बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाबाहेर, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या चर्चच्या हद्दीबाहेर, झालं असेल तर तिथल्या फादरांनी तुमच्या मूळ धर्मग्रामाला कळवायचं असतं. थोड्या दिवसांनी तिथून नवा दाखला काढा आणि समासात दुसरं लग्न चढलंय का ते स्वतः वाचा.