माळकरी बाईचा अंगठा

"बाई, तुम्ही तर माळकरी. मग तुम्हाला गाऊट कसा?"

हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, भिशीत, आणि एकदा तर मी सांत्वनाला गेले होते तिथेही हा प्रश्न मला विचारला गेलाय. गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून सांधा सुजणं, आणि तो मटण-दारूनंच होतो असा लोकांचा समज. म्हणून त्या प्रश्नाला एक शेपूटही असतं. ते कोणी बोलत नाही, पण नजरेत दिसतं: चोरून काही खाता की काय? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते. पुढच्या वेळी हा कागदच हातात देईन.

नाही खात. माळ घातल्याला ३१ वर्षं झाली. असले खुलासे करत बसावं लागतं, त्याचाच जास्त राग येतो.

युरिक अ‍ॅसिड काही फक्त ताटातून येत नाही. आपल्याच पेशी रोज मोडतात, त्यातून त्याचा मोठा भाग तयार होतो. ते बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडाचं, थोडं आतड्याचं. पाळी असेपर्यंत बाईला त्यात इस्ट्रोजेनची साथ असते, पाळी गेली की ती साथ सुटते. त्यात माझी बीपीची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी, हायड्रोक्लोरोथायझाइड. ती पाणी काढते आणि युरिक अ‍ॅसिड मात्र अडवून धरते. रक्तात हे प्रमाण डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ते विरघळून राहत नाही, गार झालेल्या पाकात साखर बसावी तसं खाली बसतं. आणि पायाचा अंगठा हा अंगातला गार कोपरा. यात बोकडाचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

पण मलाही हे तेव्हा कुठे माहीत होतं? दुसऱ्यांदा अंगठा सुजला तेव्हा डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, सुचवली. "किती दिवस?" म्हटलं, तर म्हणाले, "चालूच ठेवायची." जन्मभराची गोळी? मी बाणेदारपणे पथ्य निवडलं. तुरीची डाळ बंद, मटकी बंद, पालक बंद, टोमॅटो तर शत्रूच. आठ महिने वरणाशिवाय भात गिळला. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड ८.९ चं ८.२ झालं. एवढंच. पुढे कधीतरी वाचलं की अमेरिकेत ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली छापून आला होता. मांस-मासळीनं धोका वाढतो, डाळी-भाज्यांनी वाढत नाही, दूध-दह्यानं तर कमी होतो, असं त्यात निघालं. अभ्यास पुरुषांचा, मी बाई, हे मान्य. तरी त्या रात्री मी डाळीला लसणाची फोडणी दिली.

शेवटी गोळी सुरू केली, १०० मिलिग्रॅमपासून. तीन महिने बरे गेले आणि ज्येष्ठ लागला. वारीत मला औषधांची पुरचुंडी नको होती. पायी निघालो की माऊली बघून घेतात, असं मी दिंडीतल्या बायकांना सांगितलं आणि गोळ्या घरी ठेवल्या. हे कोणी मला सुचवलं नव्हतं. माझंच डोकं.

आणखी एक गोष्ट, जी बायकांना सांगावी लागणार नाही. वाटेत आडोसा मिळत नाही, म्हणून आम्ही पाणी पीत नाही. सकाळी दोन घोट, मग थेट तळावर. वाटेतली वद्य एकादशी मी निर्जळी केली होती. ऊन होतं. कोणी सरबत, उसाचा रस हातात दिला तर तेवढा घेतला, आणि तो साखरेचा. आज यादी केली तर अंगठ्याला आमंत्रण द्यायचं मी काही बाकी ठेवलं नव्हतं.

लोणंदहून निघालो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व गेला तेव्हा मी इतरांबरोबर उड्या मारल्या, पाय अगदी ठीक होता. तारडगावच्या तळावर रात्री दीड-दोनला जाग आली ती कोणीतरी अंगठ्यात तापलेली पळी खुपसल्यासारखी. राहुटीत आम्ही अकरा बायका दाटीवाटीनं झोपलेल्या. शेजारच्या मावशी कुशीवर वळल्या, त्यांच्या लुगड्याचा काठ अंगठ्यावरून गेला आणि मी किंचाळले. सगळ्या उठल्या. कोणी म्हणालं विंचू. बॅटरी मारून अंथरुणं झटकली, आणि दर झटक्याला जो वारा लागे, तोसुद्धा मला सहन होईना. अंगठा वांग्यासारखा, चकचकीत, जांभळट लाल. पहाटे औषधांच्या तंबूत दोघींनी उचलून नेलं. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं मुरगळलाय असं ठरवलं आणि क्रेप बँडेज आवळून बांधलं. मी शिक्षिका, तीस वर्षं पोरांना दटावलेलं, पण "बाळा, मला गाऊट आहे" हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. शेजारी विणेकरीबुवा उभे होते ना.

दिंडीच्या ट्रकमध्ये भांड्यांशेजारी बसून फलटणला आले. रक्त तपासलं, ६.३. "नॉर्मल आहे," म्हणाले, आणि जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या. ऐन अ‍ॅटॅकमध्ये हा आकडा खाली उतरलेला असू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. मुलगा गाडी घेऊन आला. आषाढी मी टीव्हीवर पाहिली, पाय उशीवर.

लाज कसली वाटली, हे सांगायचं तर आणखी मागे जावं लागेल. माझ्या धाकट्या दिरांना गाऊट होता. ते प्यायचे. त्यांचा पाय सुजला की मी जावेला म्हणायची, "करावं तसं भरावं." त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ते गेले, माफी मागायची राहिली. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं ते शेपूट मी चांगलं ओळखते, ते माझंच आहे. पिण्यानं गाऊट वाढतो हे खरंच आहे, हेही मन लगेच पुढे करतं. मग मी त्याला विचारते, तुझी निर्जळी एकादशी कुठल्या खात्यात धरायची?

आता बीपीची गोळी बदलली आहे, लोसार्टन. अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० वर आहे. डोस वाढवताना सुरुवातीला दोनदा दुखलं, कारण जुने स्फटिक विरघळतानाही अंगठा चिडतो. त्यासाठी कोल्चिसिन दिलं होतं. आमच्या कुंपणावरच्या कळलावीत हेच द्रव्य असतं, हे ऐकून माझे दुसरे भाऊजी कंद उकरायला निघाले होते. तो कंद जीव घेतो, हात लावू नका, असं ओरडावं लागलं. परवाचा आकडा ५.४. सहाच्या खाली ठेवायचा आहे.

गोळीचा राग अजून येतो. रोज सकाळी येतो, मग मी ती घेते.

यंदा दिंडीत नाव दिलंय. पिशवीत गोळ्या आहेत, पाण्याची बाटली आहे. एकादशीला मी पाणी पिते. ज्यांना ते मोडलेलं व्रत वाटतं त्यांच्याशी वाद घालत नाही. घालते, खरं तर. कालच भजनात घातला.