घूं घूं कुठल्या चाकाचं?

गाडीतला कुठलाही नवा आवाज एकदम सुरू झाला की लगेच कानावर येतो. चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाकाला मोकळं फिरू देणारं छऱ्यांचं कडं, तेवढी दया दाखवत नाही. ते रोज थोडंथोडं बिघडतं, आपला कानही रोज थोडाथोडा सरावतो आणि रेडिओ हळूहळू मोठा होत जातो. मग कधीतरी मागच्या सीटवरचा पाहुणा विचारतो, "हे काय घोंघावतंय?" तोवर काम बरंच पुढे गेलेलं असतं.

हे घोंघावणं इंजिनाच्या फेऱ्यांवर नाही, गाडीच्या वेगावर चढतं-उतरतं. मोकळ्या रस्त्यावर ताशी 60-70 च्या वेगात क्षणभर गिअर न्यूट्रलला घेतला आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिनावरचा संशय मिटला. उरतात टायर आणि बेअरिंग. या दोघांत भलेभले फसतात आणि चारही टायर बदलून आवाज होता तिथेच राहतो. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, गुळगुळीत डांबरावर बसतो, खरबरीत काँक्रीटवर उठतो. बेअरिंगला रस्त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, त्याला कळतो तो भार. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा दोषी उजवीकडचा. वळताना कट-कट-कट ऐकू आलं तर मात्र तो बेअरिंगचा नाही, अॅक्सलच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा विषय.

पुढची तपासणी चाक उचलून. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवाच. चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. आता प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा, बघावा. 9 आणि 3 च्या जागी हललं तर आधी टायरॉडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्यावर, संशय घ्यायचा. पण प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठणठणीत, असं समजू नये. घोंघावणारी कितीतरी बेअरिंगं जराही हलत नाहीत. त्यांच्यासाठी एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवावं. जात्यात खडा आल्यासारखी खरखर स्प्रिंगमधून थेट बोटांत येते. कानापेक्षा बोटं जास्त प्रामाणिक.

हबसकट (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) येणारं, बोल्टने बसणारं बेअरिंग असेल तर काम सरळ आहे. गंजलेले बोल्ट सोडले तर त्यात फारसं नाट्य नाही. खरी परीक्षा नकलमध्ये, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या ओतीव भागात, प्रेसने दाबून बसणाऱ्या बेअरिंगची. हब बाहेर ओढला की आतली अर्धी रेस (छरे जिच्यावर फिरतात ती रिंग) हमखास त्याच्यावरच चिकटून येते. ती पुलरने काढावी, किंवा ग्राइंडरने चीर पाडून छिन्नीने उकलावी. चीर अर्धवटच ठेवायची. हबला ओरखडा गेला तर बसणाऱ्या नव्या रेसची पकड बिघडते. मग बेअरिंगला जागेवर अडवून धरणारी सर्कलिप काढायची, बेअरिंग दाबून बाहेर आणायचं आणि नकलचं भोक गंज जाईपर्यंत साफ करायचं.

आणि इथेच नवीकोरी बेअरिंगं मरतात. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे. हब दाबताना आतल्या रेसला खालून आधार हवा. यात उलटसुलट झालं तर टनावारी जोर छऱ्यांतून जातो, रेसवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच फेरीला जुन्याच्या सुरात गाऊ लागतं. दोष मग कंपनीच्या माथी. हातोडा तर नकोच.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक खोच असते. अनेक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे यावी लागते. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्याच. लोखंडी यू-क्लिप अलगद टेकवून बघावी, चिकटली ती बाजू सेन्सरची. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं, तेही बहुधा आणखी एका नव्या बेअरिंगसकट.

अॅक्सलचा नट नवा घ्यावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने (ठरल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) कसावा, इम्पॅक्ट गनने नाही. आतल्या रेसचे दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरतो तो हा नटच. म्हणून तो कसल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकू नये. चाक फिरू नये म्हणून दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला की पुरे.

जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग लगेच भंगारात टाकू नये. नवं आत दाबायला अगदी मापाचं साधन तेच. फक्त बाहेरून ग्राइंडरने जरा उतरवून घ्यावं, नाहीतर ती स्वतःच पुन्हा आपल्या जुन्या घरात जाऊन बसते आणि निघता निघत नाही.