रूम टोन

अकरा वर्षांत माझ्या तीन डॉक्युमेंटरी झाल्या. एरवी मी कंपन्यांचे सेफ्टीचे व्हिडिओ करते. हेल्मेट कसं घालायचं, आग लागली तर जिन्याने कसं उतरायचं. त्यावर घरभाडं निघतं आणि हार्ड डिस्क येतात. (डिस्कचा खर्च बजेटमध्ये कुणी धरतच नाही. फोर-के प्रोरेस एचक्यू या जड व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट केलं की तासाला ३०० जीबीच्या वर जातं. वर कॉपी तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.)

या कामाची पूर्वी लाज वाटायची. मग वाचलं, की रॉबर्ट फ्लाहर्टींच्या १९२२च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ला, म्हणजे उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांवरच्या गाजलेल्या डॉक्युमेंटरीला, पैसा दिला होता फरचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीने. म्हणजे तेव्हाही हेच! त्याआधी त्यांनी केलेलं शूटिंग १९१६मध्ये सिगारेटमुळे जळून गेलं होतं, जवळजवळ ३०,००० फूट निगेटिव्ह. गडी पुन्हा उत्तरेला गेला आणि सगळं नव्याने शूट केलं.

मीही एकदा परत गेले होते. फक्त एका मिनिटासाठी.

माझी तिसरी फिल्म लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका काकांवर आहे. ग्रँटच्या फॉर्मवर शूटिंगच्या आधीच फिल्मचा शेवट लिहून मागतात. मी दर वेळी वेगळा लिहिला आणि दर वेळी नकार आला. शेवटी सेफ्टीच्या पैशांवरच कॅमेरा उचलला. दोन वर्षांत ६२ तासांचं फुटेज, त्यातून ४८ मिनिटांची फिल्म. मुख्य मुलाखत गच्चीवरच्या मशीन रूममध्ये झाली. अमेरिकन डॉक्युमेंटरीकार फ्रेडरिक वाइजमन शूटिंगला साउंड स्वतः सांभाळायचे आणि कॅमेरा दुसऱ्याकडे द्यायचे. मी एकटीच असल्यामुळे डोळे कॅमेऱ्यात आणि कान अर्धवट. त्या दिवशी मी रूम टोन घ्यायला विसरले.

रूम टोन म्हणजे त्या खोलीची शांतता. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि मिनिटभर नुसतं रेकॉर्ड करायचं. एडिटमध्ये माणसाचं एखादं वाक्य काढलं की मागचा आवाजही जातो आणि तिथे खड्डा पडतो. तो बुजवायला हीच शांतता लागते. काकांच्या मशीन रूममध्ये पॅनेलची घुमघुम होती आणि एका एक्झॉस्ट फॅनची खडखड. त्याचं एक पातं जाळीला घासायचं.

पाच महिन्यांनी रेकॉर्डर घेऊन गेले तर पॅनेल नवं आणि फॅनही नवा. काका खुशीत होते. “आता बघा, कसं गार आणि गप्प!” मी हसले. पोटात मात्र गोळा आला.

मग दोन रात्री बसून काकांच्या वाक्यांमधल्या फटी वेचल्या. ते श्वास घ्यायला थांबलेत, कुठे पाना शोधतायत. असे तुकडे जोडून जेमतेम चार सेकंद जमले. तेच पुन्हापुन्हा चिकटवले, जोडावर क्रॉसफेड दिले, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा हळूच सुरू होतो. मिक्सिंग करणाऱ्या मित्राला कळलं नाही. महोत्सवात कुणाला कळलं नाही. ज्यूरीतल्या एका बाईंनी तर साउंडचं खास कौतुक केलं, ते मी निमूट घेतलं.

काकांना मी फिल्म त्यांच्या घरी नेऊन दाखवली. संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, भरून आलंय.

“तो फॅन,” ते म्हणाले, “चार वेळा खडखडतो आणि मग एक ठोका चुकतो. परत चार, परत चुकतो. तुम्ही काही केलंय का तिथे?”

मी सगळं सांगून टाकलं.

“मग हरकत नाही,” काका म्हणाले. “म्हटलं, एवढा बिघडला होता आणि माझं लक्ष नव्हतं की काय.”